कॅम्परच्या एसीसाठी पोर्टेबल जनरेटर कसा निवडावा: आधी एसी मोजा, जनरेटर शेवटी

कॅम्परवरचा, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीवरचा, एसी चालवण्यासाठी जनरेटर घेणारे बहुतेक जण कामाला उलट्या टोकापासून सुरुवात करतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला वॉटचा आकडा पाहून आधी जनरेटर घेतला जातो आणि मग तो एसीला पुरेल अशी आशा धरली जाते. पंखा फिरू लागतो, कॉम्प्रेसर लागण्याच्या क्षणी इंजिन गुदमरते, ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो आणि सगळे बंद पडते. जनरेटर सदोष आहे असे वाटून तो बदलून आणला जातो आणि पुन्हा तेच घडते. दोष यंत्रात नसून क्रमात असतो. आधी एसी मोजायचा, मग शक्य असल्यास त्याची सुरुवातीची ओढ कमी करायची, त्यानंतर उंची आणि उष्णतेची वजावट करायची आणि या तिन्हींतून जो आकडा उरेल त्यावरून जनरेटर ठरवायचा. पुढील टप्पे याच क्रमाने पाळावेत.

१. कॅम्परची वीजव्यवस्था ओळखा

पहिला प्रश्न व्होल्टचा. काही कॅम्पर ११५ ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर, तर काही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झवर चालतात. एसी ज्या व्होल्टसाठी आणि ज्या फ्रिक्वेन्सीसाठी बनवला आहे त्याच दोन्हींचा जनरेटर हवा. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट बदलता येतात, फ्रिक्वेन्सी मात्र तशीच राहते, आणि कॉम्प्रेसरच्या मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीवरच ठरतो.

दुसरी गोष्ट कॅम्परच्या बाहेरच्या सॉकेटची आणि आतल्या मुख्य ब्रेकरची. मुख्य ब्रेकर किती ॲम्पिअरचा आहे आणि एसीसाठी स्वतंत्र ब्रेकर आहे का, हे पाहून लिहून ठेवा. छतावर दोन एसी असतील तर ते एकाच वेळी चालवण्याचा हट्ट पोर्टेबल जनरेटरच्या बाबतीत सोडून देणे शहाणपणाचे.

२. एसीच्या माहितीपट्टीवरून आकडे उतरवा

एसीच्या बाहेरील भागावर किंवा आतल्या जाळीमागे एक माहितीपट्टी असते. तिच्यावरचे चार आकडे हवेत: व्होल्ट, कॉम्प्रेसरचे आरएलए म्हणजे चालू असतानाचे ॲम्पिअर, पंख्याचे ॲम्पिअर आणि एलआरए म्हणजे मोटर जागच्या जागी अडकलेली असताना ती ओढेल तेवढे ॲम्पिअर. प्रत्येक वेळी सुरू होताना कॉम्प्रेसर क्षणभर याच अवस्थेत असतो, म्हणून चौथा आकडा सर्वांत महत्त्वाचा आणि नेमका तोच बहुतेक जण वाचत नाहीत.

बीटीयूचा आकडा थंडाव्याचा आहे, विजेचा नव्हे. १२,००० बीटीयू म्हणजे एक टन. १५,००० म्हणजे सव्वा टन. १३,५०० बीटीयूचा छतावरचा नेहमीचा एसी चालू असताना साधारण १,२०० ते १,७०० वॉट घेतो, तर १५,००० बीटीयूचा १,५०० ते १,९०० वॉट. सुरू होण्याच्या क्षणी हीच यंत्रे ३,००० वॉटच्या आसपास किंवा त्याहूनही वर उडी घेतात. ही उडी सेकंदाच्या काही अंशापुरतीच असली, तरी जनरेटर तेवढ्यातच नापास होतो.

एक उदाहरण घेऊ. पट्टीवर ११५ व्होल्ट, कॉम्प्रेसर १२ ॲम्पिअर, पंखा ३ ॲम्पिअर आणि एलआरए ६० ॲम्पिअर आहे असे समजा. चालू भार १५ गुणिले ११५, म्हणजे सुमारे १,७२५ व्होल्ट-ॲम्पिअर झाला. सुरुवातीचा आकडा ६० गुणिले ११५, म्हणजे ६,९०० येतो आणि तो पाहून माणूस घाबरतो. घाबरण्याचे कारण नाही. त्या क्षणी पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-ॲम्पिअरपैकी प्रत्यक्ष वॉट किती याचे प्रमाण, बराच कमी असल्यामुळे प्रत्यक्ष वॉट या गुणाकारापेक्षा खूप कमी असतात. शिवाय जनरेटरचे व्होल्ट किंचित खाली बसतात आणि त्या प्रमाणात प्रवाहही उतरतो. म्हणून एलआरएचा गुणाकार हा खरेदीचा आकडा मानू नये. दोन एसींपैकी कोणता सुरू व्हायला जास्त जड आहे, हे मात्र त्यावरून नक्की कळते.

तपासणी: पट्टीवर एलआरए लिहिलेलेच नसेल तर तो एसी इन्व्हर्टर प्रकारचा आहे का ते पाहा. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो, त्यामुळे सुरुवातीचा झटका जवळजवळ नसतो आणि पाचव्या टप्प्याची गरज उरत नाही.

३. प्रत्यक्ष मोजून घ्या

पट्टीवरचे आकडे ठरावीक परिस्थितीतले असतात. बाहेर ऊन जितके कडक, तितका कंडेन्सरमधला दाब वाढतो आणि तितका कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो. धुळीने माखलेले कॉइल आणि जुने झालेले कपॅसिटर यात आणखी भर घालतात. म्हणून मोजण्याआधी कॉइल व जाळी साफ करा, आणि मोजमाप भर दुपारी करा. सकाळच्या गारव्यात घेतलेला आकडा पाहून केलेली निवड दुपारी फसते.

कॅम्पर स्थिर वीजपुरवठ्याला जोडा, एसीखेरीज सगळे बंद ठेवा आणि एसीच्या एकट्या फेजच्या तारेभोवती क्लॅम्प मीटर, म्हणजे इलेक्ट्रिशियन ज्याला टाँग टेस्टर म्हणतात तो, लावा. संपूर्ण केबलभोवती लावल्यास जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना रद्द करतात आणि मीटर शून्य दाखवते. ही चूक इतक्यांदा होते की तिचा वेगळा उल्लेख करावा लागतो. सुरुवातीची उडी पकडण्यासाठी इनरश मोजण्याची सोय असलेले मीटर लागते, साधे मीटर तेवढे चपळ नसते. पंधरा-वीस मिनिटे एसी चालू द्या आणि मग चालू प्रवाह नोंदवा.

इशारा: ब्रेकरच्या पेटीतील उघड्या तारा हाताळण्याचा सराव नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या. एसीच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही विद्युतभार साठलेला राहतो.

४. एसीबरोबर आणखी काय चालणार ते ठरवा

कॅम्परला वीज मिळताच काही उपकरणे न सांगता सुरू होतात. बॅटरी चार्जर हा त्यातला सर्वांत लबाड. बॅटरी उतरलेली असेल तर तो एकटाच काहीशे वॉट खातो, आणि नेमका त्याच वेळी कॉम्प्रेसर लागतो. विजेवर आणि गॅसवर चालणारा फ्रीज विजेवर असला तर तोही काहीशे वॉट घेतो. पाणी तापवण्याची कॉइल आणि मायक्रोवेव्ह ही तर एसीच्या तोडीची गिऱ्हाइके आहेत. ती एसीबरोबर चालणार नाहीत, असे आधीच ठरवून टाकावे.

एसीचा मोजलेला चालू भार, त्यात चार्जर आणि दिवे-पंखे यांची बेरीज, हा झाला सततचा भार. तो जनरेटरच्या सततच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत राहावा. सततचा भार २,००० वॉट असेल तर सततची क्षमता किमान २,५०० वॉट हवी. येथे खोक्यावरचा मोठा आकडा उपयोगाचा नाही, कारण तो बहुधा काही क्षणांपुरत्या क्षमतेचा असतो. सततचा आकडा, म्हणजे रेटेड किंवा रनिंग वॉट, बारीक अक्षरांत किंवा माहितीपुस्तिकेतच सापडतो. आकडा केव्हीएमध्ये, म्हणजे हजार व्होल्ट-ॲम्पिअरमध्ये, दिला असेल तर तो वॉट समजू नका, त्याला पॉवर फॅक्टरने गुणावे लागते.

५. सुरुवातीची ओढ कमी करा

माझ्या मते संपूर्ण व्यवहारात सर्वाधिक फायदा याच टप्प्यात आहे, आणि तरीही लोक तो खरेदीनंतर, नाइलाज झाल्यावर करतात. सॉफ्ट स्टार्टर नावाचे छोटे उपकरण कॉम्प्रेसरच्या वायरिंगमध्ये बसवले की मोटरला पूर्ण व्होल्ट एकदम न मिळता टप्प्याटप्प्याने मिळतात आणि सुरुवातीचा प्रवाह निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. एरवी ३,००० वॉटच्या वर्गातला जनरेटर मागणारा १३,५०० बीटीयूचा एसी यानंतर पुष्कळदा २,००० ते २,२०० वॉटच्या वर्गातल्या इन्व्हर्टर जनरेटरवरही (भाराप्रमाणे इंजिनाचा वेग बदलणारा हलका प्रकार, सातवा टप्पा पाहा) सुरू होतो. म्हणजे वजन, आवाज आणि इंधन या तिन्हींत बचत.

दोन गोष्टींत गल्लत करू नका. हार्ड स्टार्ट किट म्हणजे जादा कपॅसिटर. त्याने मोटरला जोर मिळतो आणि सुरू होण्याचा काळ आखडतो, परंतु प्रवाहाची उंची फारशी घटत नाही. व्होल्ट कमी पडल्यामुळे अडणाऱ्या कॉम्प्रेसरला त्याचा उपयोग होतो. इन्व्हर्टर जनरेटरची मर्यादा मात्र प्रवाहाची असते, तेथे सॉफ्ट स्टार्टरच हवा.

सॉफ्ट स्टार्टर चालू भार कमी करत नाही, हेही ध्यानात ठेवावे. २,००० वॉटच्या वर्गातल्या अनेक जनरेटरांची सततची क्षमता १,६०० वॉटच असते. दुपारी १,७०० वॉट खाणारा एसी त्यावर सुरू होईल आणि थोड्या वेळाने जनरेटरला ओव्हरलोडमध्ये पाडेल. ‘सुरू तर झाला’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांची फसगत येथेच होते.

तपासणी: सॉफ्ट स्टार्टर बसवण्याआधी एसीच्या वॉरंटीच्या अटी वाचा. काही सॉफ्ट स्टार्टर पहिल्या काही वेळच्या सुरुवातींतून त्या कॉम्प्रेसरची जुळणी शिकतात; ही शिकवणी स्थिर वीजपुरवठ्यावर उरकावी आणि मग तिसऱ्या टप्प्यातले मोजमाप पुन्हा करावे.

६. उंची, उष्णता आणि इंधन यांची वजावट करा

जनरेटरचा छापील आकडा समुद्रसपाटीजवळच्या हवेचा असतो. विरळ हवेत इंजिनाला प्राणवायू कमी पडतो. ढोबळ हिशेबाने दर ३०० मीटर उंचीमागे ३.५ टक्के शक्ती कमी होते. म्हणजे १,५०० मीटरवर सुमारे १७ टक्के. ३,००० वॉट सततच्या क्षमतेचा जनरेटर तेथे २,५०० वॉटच्या आसपासच देईल. डोंगराळ भागात बराच काळ मुक्काम असेल तर कार्ब्युरेटरचे जेट त्या उंचीसाठी बदलावे लागते. त्याने मिश्रण सुधारते, हरवलेली शक्ती मात्र परत येत नाही. कडक उन्हात आणखी काही टक्के कमी होतात, आणि एसी लागतो तो नेमका उन्हातच.

पेट्रोल आणि एलपीजी अशा दोन्हींवर चालणारे जनरेटर मिळतात. एलपीजीवर शक्ती साधारण १० टक्क्यांनी घटते. वरील उदाहरणातले २,५०० वॉट एलपीजीवर २,२५० होतात. एलपीजी दीर्घकाळ साठवता येतो आणि कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर साचत नाही, हे खरे. परंतु निवड करताना एलपीजीचा स्वतंत्र आकडाच धरावा.

७. आता जनरेटर निवडा

हाती तीन आकडे आहेत: सततचा भार, सुरुवातीची उडी आणि वजावटीची टक्केवारी. पहिले दोन वजावटीनंतरही भागले पाहिजेत.

पारंपरिक जनरेटरचे इंजिन एकाच वेगाने, ५० हर्ट्झसाठी बहुधा मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी आणि ६० हर्ट्झसाठी ३,६०० फेऱ्यांनी, भार असो वा नसो, फिरतच राहते. तो स्वस्त आणि दणकट असतो. झटका आल्यावर तो दबतो, गुरगुरतो, पण फिरत्या भागाच्या जडत्वावर बहुतेकदा वेळ मारून नेतो. आवाज मात्र असा की शेजारचा मुक्काम हलवील. इन्व्हर्टर जनरेटर आधी डीसी वीज करून तिची पुन्हा नियंत्रित प्रत्यावर्ती (एसी) वीज बनवतो, म्हणून इंजिन भाराप्रमाणे हळू-जलद चालू शकते. तो शांत, हलका आणि इंधनाला किफायतशीर असतो. त्याचे इलेक्ट्रॉनिक संरक्षण मर्यादा ओलांडताच पुरवठा तोडते, तडजोड करत नाही. मुक्कामाच्या जागेसाठी मी इन्व्हर्टर प्रकारच सुचवीन, सॉफ्ट स्टार्टरच्या जोडीने.

एका मोठ्या जनरेटरऐवजी दोन लहान इन्व्हर्टर जनरेटर समांतर जोडण्याचा मार्ग अनेकांच्या नजरेतून सुटतो. २,००० वॉटच्या वर्गातला एक जनरेटर साधारण २० ते २२ किलोचा असतो आणि एक माणूस तो उचलू शकतो. दुपारी दोन्ही, रात्री एक, आणि एक बिघडला तरी दिवे चालू राहतात. अट एवढीच की उत्पादकाने त्या मॉडेलसाठी दिलेला समांतर जोडणीचा संचच वापरावा.

आवाजाचा आकडा वाचताना तो किती अंतरावर आणि किती भारावर मोजला आहे ते पाहा. जाहिरातीतला आकडा पुष्कळदा ७ मीटरवरचा आणि पाव भारावरचा असतो. एसी चालवताना पाव भार कधीच नसतो.

टाकीचा हिशेबही येथेच करावा. लहान पेट्रोल इंजिनाला एक युनिट विजेमागे साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल लागते. सरासरी १.५ किलोवॉट भार धरला तर तासाला सुमारे एक लिटर, म्हणजे ४ लिटरची टाकी चार-पाच तासांत संपेल. रात्रभर एसी हवा असणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य करावा, कारण मध्यरात्री तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतण्याचा मोह हीच आगीची सुरुवात ठरते.

८. केबल आणि न्यूट्रल

योग्य जनरेटर घेऊनही एसी अडत असेल तर केबलकडे पाहा. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१२ ओहम असतो. १५ मीटर केबलमध्ये जाणारी-येणारी मिळून ३० मीटर तार होते, म्हणजे ०.३६ ओहम. ६० ॲम्पिअरच्या झटक्याला तेथे जवळजवळ २२ व्होल्ट गळतात. ११५ व्होल्टच्या व्यवस्थेत हा जवळपास पाचवा हिस्सा झाला. ४ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये हीच गळती ८ व्होल्टच्या आसपास राहते. केबल जाड घ्या, अखंड घ्या आणि वापरताना पूर्ण उलगडा. रिळावर गुंडाळलेली केबल भाराखाली तापते.

अनेक इन्व्हर्टर जनरेटरांचा न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परत येण्याची तार, त्यांच्या सांगाड्याशी जोडलेला नसतो. अशा वेळी कॅम्परमधले संरक्षक उपकरण अर्थिंगमध्ये दोष असल्याचे दाखवून पुरवठाच आत येऊ देत नाही आणि जनरेटरवर उगाच संशय घेतला जातो. यावर उपाय त्या जनरेटरच्या पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीनेच करावा, आणि न्यूट्रल व अर्थिंग यांची जोडणी एकाच ठिकाणी राहील याची खात्री करावी.

इशारा: दोन्ही टोकांना नर-प्लग असलेली केबल बनवून वीज उलट दिशेने घालण्याचा प्रकार जीवघेणा आहे. तो कोणत्याही परिस्थितीत करू नये.

९. जागा आणि धूर

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही. जनरेटर कॅम्परपासून किमान ६ मीटरवर, एक्झॉस्टचे तोंड कॅम्परच्या आणि शेजाऱ्यांच्याही विरुद्ध दिशेला करून ठेवावा. कॅम्परखाली, तंबूच्या पडवीत, सामानाच्या कप्प्यात किंवा अर्धवट उघड्या शेडमध्ये तो चालवू नये. खिडकी उघडी ठेवल्याने धोका टळत नाही. वाऱ्याची दिशा रात्रीत फिरते, म्हणून झोपण्याच्या जागेजवळ चालू बॅटरीचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म असलाच पाहिजे. काही जनरेटरांत हा वायू ओळखून इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, पण तो जनरेटरपाशी मोजतो, तुमच्या उशाशी नाही.

जमीन सपाट असावी. कललेल्या जनरेटरमध्ये तेल पुरेसे असूनही कमी तेलाचा सेन्सर इंजिन बंद पाडतो.

१०. पहिली चाचणी, घर सोडण्यापूर्वी

नवे जनरेटर बहुधा तेलाविना येतात. पुस्तिकेतील प्रकाराचे तेल खुणेपर्यंत भरल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. मग पुढील क्रम पाळा.

कॅम्परचा एसी, चार्जर, फ्रीज आणि गीझर बंद करा. जनरेटर मोकळा सुरू करून तीन ते पाच मिनिटे तापू द्या. इको मोड, म्हणजे भार कमी असताना इंजिन मंद करणारी सोय, बंद करा, कारण मंद गतीवर फिरणाऱ्या इंजिनाला झटक्याच्या वेळी वेग घ्यायला सवडच मिळत नाही. आता केबल जोडा. एसी आधी केवळ पंख्यावर चालवा, मिनिटभराने थंड करण्याच्या स्थितीत न्या आणि कॉम्प्रेसर लागतानाचा आवाज ऐका. इंजिन क्षणभर दबून लगेच सावरले पाहिजे.

एसी बंद पडला तर लगेच पुन्हा सुरू करू नका. आतला दाब समान व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात. त्याआधी कॉम्प्रेसरला भरलेल्या दाबाविरुद्ध ढकलावे लागते आणि ओढ आणखी वाढते. दोन-तीनदा ट्रिप झाल्यावर वैतागून पुन्हापुन्हा बटण दाबणाऱ्यांनी कितीतरी कॉम्प्रेसर वेळेआधी निकामी केले आहेत.

एसी नीट चालू लागल्यावर कॅम्परमधील सॉकेटवर व्होल्ट मोजा. पट्टीवरच्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून खाली गेले, म्हणजे ११५ च्या व्यवस्थेत १०४ च्या किंवा २३० च्या व्यवस्थेत २०७ च्या खाली, तर एसी ताबडतोब बंद करा आणि केबलपासून तपासायला लागा. व्होल्ट ठीक असतील तर चार्जर सुरू करा आणि थर्मोस्टॅट वरखाली करून, मध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवून, कॉम्प्रेसर निदान चार वेळा लावून पाहा. ही चाचणी दुपारी दोन-तीनच्या उन्हात किमान तासभर चालली पाहिजे. रात्री इको मोडवर चालवण्याचा विचार असेल तर शेवटच्या पंधरा मिनिटांत तो लावून पाहा. सॉफ्ट स्टार्टर असल्यास पुष्कळदा निभावते, नसल्यास सहसा नाही.

बंद करताना क्रम उलटा. आधी एसी बंद, मग केबल वेगळी, मग इंजिन दोन मिनिटे मोकळे चालवून बंद. पेट्रोल संपेपर्यंत भाराखाली चालवू नका. शेवटच्या क्षणी व्होल्ट वेडेवाकडे होतात आणि त्याचा फटका एसीच्या कंट्रोल बोर्डाला बसतो. पहिल्या २० तासांच्या आसपास तेल बदला, पुढे पुस्तिकेप्रमाणे, बहुधा दर १०० तासांनी. महिनाभराहून अधिक काळ जनरेटर पडून राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा. चाचणीत मिळालेले व्होल्ट, ॲम्पिअर आणि त्या वेळचे बाहेरचे तापमान कागदावर लिहून तो कागद जनरेटरच्या झाकणाच्या आत चिकटवा. पुढच्या मोसमात एसी अडू लागला तर मोजमाप या आकड्यांशी ताडून पाहिल्यावर दोष एसीत आहे की जनरेटरमध्ये, हे लवकर उमगेल.